इ. स. १८९५ व गिरगांव चौपाटीचें विमान : साधनांची चिकित्सा

मुंबई शहराच्या आख्यायिकांत गिरगांव चौपाटीच्या विमानाची आख्यायिका वयानें लहान, पण प्रसारानें मोठी आहे. ती संक्षेपानें अशी : शके १८१७, म्हणजे इ. स. १८९५ सालीं, चिराबाजारच्या वस्तींतील शिवकर बापूजी तळपदे या पाठारे प्रभु गृहस्थांनीं वेदांतील विमानविद्येच्या आधारें ‘मरुत्सखा’ नांवाचें यंत्र सिद्ध केलें, तें आंत मनुष्य नसतां चौपाटीवरून १५०० फूट उंच गेलें व खालीं आलें, न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे आणि श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं तें डोळ्यांनीं पाहिलें, ‘केसरी’नें त्याचा वृत्तांत छापला, पुढें इंग्रज सरकारच्या दडपणामुळें मदत आटली, आणि तळपदे वारल्यावर यंत्राचे अवशेष रॅली ब्रदर्सच्या पेढीस विकले गेले. राइट बंधूंचें यंत्र १७ डिसेंबर १९०३ रोजीं उडालें. तेव्हां वरील हकीकत खरी असल्यास विमानाचा पहिला मान त्यांच्याआधीं आठ वर्षें गिरगांवास मिळतो.

या हकीकतीचा विचार आजवर बहुधा दोन प्रकारच्या लोकांनीं केला आहे. एक पक्ष ती ऐकतांच अभिमानानें मान डोलावतो, दुसरा ऐकतांच हंसतो. दोघेही कागद मागत नाहींत. जुन्या घराण्याची बखर हातीं आली असतां ती कोणीं, केव्हां, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, हें आपण आधीं पाहतों. मग तींतील मजकूर समकालीन पत्रांशीं ताडतों. राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केल्यावर ही शिस्त महाराष्ट्रांत रूढ झाली. पानिपतास जी कसोटी लावावयाची ती चौपाटीस लावूं नये, असें कोणी म्हणणार नाहीं.

प्रथम मनुष्य. तळपदे यांचा काल सामान्यतः १८६४ ते १९१६ असा देतात. दुक्करवाडी, चिराबाजार हें त्यांचें ठिकाण. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेशीं त्यांचा संबंध होता, आणि तेथील चिरंजीलाल वर्मा यांच्यामुळें ते स्वामी दयानंद सरस्वतींच्या ग्रंथांकडे वळले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. हा भाग अगदीं संभवनीय आहे. आर्यसमाजाची स्थापनाच मुळीं १० एप्रिल १८७५ रोजीं गिरगांवांत झाली. आणि स्वामींच्या ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिका’ या ग्रंथांत नौका व विमान यांच्या विद्येवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. चित्रकलेचा हात, यंत्राची हौस, आणि वेदांत सर्व विद्या आहेत ही श्रद्धा, इतकीं तीन एका तरुणाच्या ठायीं एकवटलीं तर तो विमानाच्या मागें लागेल यांत नवल तें काय? ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ हें मराठी पुस्तक त्यांच्या नांवावर आहे. यावरून इतकें निश्चित म्हणतां येतें कीं, या विषयाचा ध्यास घेतलेला असा एक मनुष्य गिरगांवांत खरोखर होऊन गेला. तो कल्पित नव्हे.

आतां वर्ष. १८९५ हें विमानविद्येच्या इतिहासांत रिकामें वर्ष नाहीं. त्या वर्षीं बर्लिनजवळ ओटो लिलिएंताल हा जर्मन यंत्रज्ञ स्वतः रचलेल्या टेंकडीवरून पंख बांधून हवेंत तरंगत होता, आणि त्यानें दुमजली पंखांचे प्रयोग आरंभले होते. अमेरिकेचा लॅंग्ले, रशियाचा झुकोव्हस्की व इंग्लंडचा पिल्चर हे तिघेही त्याच वर्षीं त्यास जाऊन भेटले. आदल्या सालीं, ३१ जुलै १८९४ रोजीं, हायरम मॅक्झिमचें वाफेचें अवाढव्य यंत्र इंग्लंडांत रुळांवरून किंचित् उचललें जाऊन मोडलें. १२ नोव्हेंबर १८९४ रोजीं ऑस्ट्रेलियांत लॉरेन्स हारग्रेव्ह पेटीच्या आकाराच्या चार पतंगांच्या जोरावर सुमारें १६ फूट वर गेला. पुढल्या सालीं, ६ मे १८९६ रोजीं, लॅंग्लेचें वाफेवर चालणारें निर्मनुष्य यंत्र पोटोमॅक नदीवरून सुमारें ३३०० फूट अंतर उडालें. आणि त्याच ऑगस्टांत लिलिएंताल पडून मेला.

ही नामावळी येथें देण्याचें कारण एवढेंच कीं, यांपैकीं प्रत्येक गोष्टीस त्याच काळचा पुरावा आहे. लिलिएंतालचीं छायाचित्रें जगभर गेलीं. लॅंग्लेच्या यंत्राचें छायाचित्र टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलनें स्वतः काढलें. हारग्रेव्हनें आपलीं मापें छापलीं. आपल्याकडेही हें अशक्य नव्हतें. १८८९ सालीं स्पेन्सर नांवाचा इंग्रज कलकत्त्यास फुगा घेऊन आला, तेव्हां रामचंद्र चतर्जी हे बंगाली गृहस्थ आधीं त्याच्याबरोबर व मग एकटे आकाशांत गेले. तें वृत्त त्या वेळच्या पत्रांतून आलें व आज निःशंकपणें उद्धृत केलें जातें. फुग्यांतून वर जाणाऱ्या हिंदी मनुष्याची जर ही दखल, तर यंत्र उडविणाऱ्या मनुष्याची किती व्हावयास हवी होती?

आतां साक्षी एकेक घेऊं. ‘केसरी’ची साक्ष सर्वांत वजनदार म्हणून ती आधीं. प्रचलित इंग्रजी लेखांत ‘केसरी’स मराठींतील अग्रगण्य ‘दैनिक’ म्हटलें आहे. १८९५ सालीं ‘केसरी’ साप्ताहिक होता. तो पुण्याहून दर मंगळवारीं निघे. लिहिणारानें तो अंक पाहिला असता तर ही चूक त्याच्या हातून झाली नसती. त्या लेखांत अंकाची तारीखही दिलेली नसते. १ जानेवारी १८९५ रोजीं मंगळवार होता आणि ३१ डिसेंबरासही मंगळवारच होता. म्हणजे वर्षभरांत मंगळवार ५३. इतके अंक चाळण्यास एका मनुष्यास आठवडा पुरे. जो पुरावा आठवड्याच्या श्रमांत मिळावयाचा, तो तारखेवांचून पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो, हें लक्षण चांगलें नव्हे.

त्या वर्षीं ‘केसरी’चें लक्ष कोठें होतें हेंही पाहण्यासारखें आहे. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धाराचा निधि टिळकांनीं त्याच सालीं सुरू केला. हिंदी पराक्रमाचें एखादें उदाहरण हातीं लागलें तर तें सोडणारें तें पत्र नव्हतें. वर्षअखेरीस पुण्यास काँग्रेसची बैठक भरली, तिच्या मंडपांत सामाजिक परिषद भरवावी कीं नाहीं यावरून टिळक व रानडे यांच्या पक्षांत कडाक्याचें भांडण झालें, आणि परिषदेस दुसरीकडे जावें लागलें. अशा वर्षांत रानडे चौपाटीवर वेदोक्त विमान पाहावयास गेले आणि ‘केसरी’नें तें कौतुकानें छापलें, असें झालें असेल तर त्याचे पडसाद ‘सुधारका’पासून ‘इंदुप्रकाशा’पर्यंत सर्वत्र उठले असते. विरुद्ध पक्षाच्या पत्रांसारखा जागरूक पहारेकरी दुसरा नसतो.

रानडे १८९३ पासून मुंबईच्या हायकोर्टांत न्यायाधीश होते, म्हणून चौपाटीवर त्यांचें असणें अशक्य नाहीं. पण ज्या पुरुषानें देशी उद्योगधंद्यांच्या वाढीसाठीं परिषदा भरविल्या आणि तद्विषयक निबंध १८९८ सालीं ग्रंथरूपानें काढले, त्यास या यंत्राचा उल्लेख करावासा वाटूं नये? रमाबाई रानड्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत पतीच्या दिनचर्येच्या बारीकसारीक गोष्टी आहेत, विमान नाहीं. सयाजीराव महाराजांचें तर राज्यच कागदावर चालणारें होतें. दरसालचा राज्यकारभाराचा अहवाल छापून निघे. मदत दिली व मग थांबविली हें खरें धरलें, तर देण्याचा हुकूम, खर्चाची नोंद व बंदीचा पत्रव्यवहार, अशा तीन जागीं तिची खूण राहिली पाहिजे. रेसिडेंटाचें दडपण आलें असेल तर चौथी जागा त्याचें दफ्तर. आख्यायिका सांगणारे या चार जागांपैकीं एकीचाही दाखला देत नाहींत.

स्थळाचाही विचार करावा. चौपाटी म्हणजे कांहीं आडरान नव्हे. एका अंगास मलबार टेंकडीवरील बंगले, समोर १८८९ सालीं बांधलेलें विल्सन कॉलेज व तेथील अध्यापक-विद्यार्थी, मागें गिरगांवच्या गजबजलेल्या वाड्या, आणि किनाऱ्यालगत बी. बी. सी. आय. रेल्वेच्या गाड्यांची सारखी येजा. राजाबाई टॉवरची उंची सुमारें २८० फूट. १५०० फूट म्हणजे एकावर एक असे पांच टॉवर. तेवढ्या उंचीवर गेलेली वस्तु निम्म्या मुंबईस दिसली असती. ऑगस्ट १८९३ मधील दंग्यानंतर शहरांतील जमावांवर पोलिसांची नजर अधिकच कडक झाली होती. याशिवाय देशी वृत्तपत्रांतील मजकुराचा सारांश दर आठवड्यास सरकारसाठीं इंग्रजींत तयार होई. ते अहवाल आज महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखागारांत अभ्यासकांस उपलब्ध आहेत. ज्या सरकारनें विमान दडपलें असें म्हणतात, त्याच सरकारच्या कारकुनांनीं ‘केसरी’ ओळीनओळ वाचला होता.

यावर एक रास्त आक्षेप येतो. राइट बंधूंचें पहिलें उड्डाण तरी वृत्तपत्रांनीं कोठें नीट छापलें? आरंभींच्या बातम्या चुकीच्या व अतिशयोक्त होत्या, आणि कित्येक संपादकांनीं तर विश्वासच ठेवला नाहीं. हें खरें आहे, आणि केवळ वृत्तपत्रांच्या मौनावरून निकाल देणें चुकीचें होईल हेंही आम्हांस मान्य आहे. परंतु राइट बंधूंचा खटला वृत्तपत्रांवर उभा नाहीं. त्यांची रोजनिशी आहे. त्याच दिवशीं वडिलांस केलेली तार आहे. किनाऱ्यावर हजर असलेले पांच साक्षीदार आहेत. आणि यंत्र जमीन सोडतांना घेतलेलें छायाचित्र आहे. तळपद्यांची रोजनिशी, आराखडा, बिल, पत्र, यांपैकीं कांहीं पुढें ठेवल्यास आम्ही ‘केसरी’चा आग्रह सोडून देऊं.

आतां या प्रकरणाचा पोथीसंग्राहकांस विशेष जवळचा भाग. मरुत्सखा कोणत्या ग्रंथावरून केलें? आज बहुतेक लोक ‘वैमानिक शास्त्र’ हें नांव घेतात व तें भरद्वाज ऋषींस चिकटवितात. या ग्रंथाची वंशावळ अशी आहे. आनेकल येथील पंडित सुब्बराय शास्त्री यांनीं तो तोंडी सांगितला आणि वेंकटाचल शर्मा यांनीं उतरून घेतला. हें काम १९१८ ते १९२३ या काळांतील. शास्त्रीबुवांच्या देखरेखीखालीं बंगळूरच्या एल्लप्पा नामक चित्रकारानें यंत्रांचीं चित्रें काढलीं. हिंदी आवृत्ति १९५९ सालीं निघाली, म्हैसूरच्या जी. आर. जोस्यर यांनीं इंग्रजी भाषांतरासह ग्रंथ १९७३ सालीं छापला. म्हणजे लेखन सुरू होण्यापूर्वींच तळपदे वारले होते. जो ग्रंथ १९१८ पूर्वीं कागदावर नव्हता, त्यावरून १८९५ सालीं यंत्र कसें होईल?

शास्त्रीबुवांस ही विद्या पूर्वींपासून मुखोद्गत होती, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं दिलें आहे. मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभु व गोविंदराजु अशीं त्यांचीं नांवें. त्यांनीं ग्रंथ व चित्रें तर तपासलींच, पण शास्त्रीबुवांच्या परिचितांस भेटून ग्रंथाची जन्मकथाही गोळा केली. त्यांचा निष्कर्ष असा कीं, श्लोक साध्या अर्वाचीन संस्कृतांत व अनुष्टुभांत आहेत, वैदिक भाषेची एकही खूण त्यांत नाहीं. ग्रंथ १९०४ च्या मागें नेतां येत नाहीं. आणि शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर या चारांपैकीं एकही विमान उडण्याजोगें नाहीं. भाषेवरून काल ठरविण्याची ही रीत आपल्या मंडळींस नवी नाहीं. शिवकालीन म्हणून आलेल्या पत्रांत पेशवाईंतील मायना सांपडला कीं आपण तें पत्र बाजूस ठेवतों, तसेंच हें.

याच निबंधांत तळपद्यांविषयीं एक वाक्य आहे, आणि आमच्या मतें सबंध प्रकरणांत त्याच्या तोडीचें दुसरें साधन नाहीं. मुंबईच्या तळपद्यांनीं शास्त्रीबुवांच्या मार्गदर्शनाखालीं प्रतिकृति करून पाहिल्या, परंतु त्यांपैकीं एकही उडविण्यांत त्यांस यश आलें नाहीं, असा त्याचा आशय. ही माहिती शास्त्रीबुवांच्या बाजूनें आलेली आहे. ज्या पक्षास यशाची हकीकत सांगण्यांत लाभ होता, त्यानेंच अपयश नोंदलें. स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेल्या साक्षीचें वजन अधिक, हा नियम न्यायालयांत चालतो व इतिहासांतही चालतो. प्रताप वेलकर यांनीं १९९७ सालीं पाठारे प्रभूंचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यांत तळपद्यांच्या खटपटीची हकीकत विस्तारानें आहे. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या नांवावरही एक आठवण सांगतात. तींत यंत्र कांहीं मिनिटें हवेंत राहिल्याचें आहे. हे दोन्ही उत्तरकालीन आहेत, हें ध्यानांत ठेवून ते वाचावेत.

पाऱ्याची गोष्टही येथेंच घ्यावी. मरुत्सखा पाऱ्याच्या शक्तीनें चाले असें सांगतात, आणि अलीकडे तर त्याचा संबंध अंतराळयानांच्या आयन-यंत्रांशीं जोडतात. आयन-यंत्राचा रेटा इतका सूक्ष्म असतो कीं तें निर्वात अवकाशांतच उपयोगी पडतें. चौपाटीच्या वाऱ्यांत त्यानें कागदाचा पतंगही उचलला जाणार नाहीं. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड. जें हलकें करावयाचें त्यांतच तो घालावयाचा! परंतु पाऱ्याचा धागा अगदींच निराधार नाहीं. धारच्या भोजराजाच्या नांवावरील ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकांतील वास्तुग्रंथांत लाकडी पक्षी करून त्याच्या पोटांत अग्नि व पाऱ्याचें पात्र ठेवण्याचें वर्णन आहे. आणि यंत्रांची घडण अज्ञानामुळें नव्हे तर गुप्ततेसाठीं सांगितली नाहीं, अशी पुस्तीही तेथें जोडलेली आहे. हा ग्रंथ अस्सल आहे. तो गणपति शास्त्र्यांनीं संपादून १९२४-२५ सालीं छापला, आणि तोही सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें चाललेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत. बडोदें, पारा व विमान हीं तीन नांवें छापील कागदावर एकत्र आलीं तीं येथें. आख्यायिकेंतील बडोद्याचा व पाऱ्याचा भाग या प्रकाशनानंतर तिला चिकटला असावा, असा आमचा तर्क आहे. तर्कच, १९२४ पूर्वींच्या लेखांत मरुत्सख्याचा पारा कोणीं दाखविल्यास तो आम्ही मागें घेऊं.

आख्यायिका पुढें कशी फुगली हें थोडक्यांत सांगतां येतें. २००३ सालीं राइट बंधूंच्या उड्डाणास शंभर वर्षें झालीं, त्या निमित्तानें बंगळूरच्या एका इंग्रजी वृत्तपत्रांत लेख आला आणि त्याच्या नकला सर्वत्र पसरल्या. जानेवारी २०१५ मध्यें मुंबई विद्यापीठांत भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान परिषदेंत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला व त्यावर देशभर वाद झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस तळपद्यांच्या जीवनावर बेतलेला हिंदी चित्रपट निघाला. नकलेवरून नक्कल होतांना उंची १५०० फूट ठरली, प्रेक्षकांची संख्या वाढली, आणि ‘म्हणतात कीं’ हे शब्द गळाले. बखरींच्या नकलांत फौजेचे आंकडे असेच वाढत जातात.

या सर्व गोंधळांत खऱ्या तळपद्यांवर अन्याय झाला आहे, आणि हा लेख लिहिण्यास आम्ही मुख्यतः त्यामुळें प्रवृत्त झालों. निर्मनुष्य प्रतिकृति उडविणें १८९५ सालीं अशक्य नव्हतें. फ्रान्समध्यें पेनो यानें रबराच्या पिळावर चालणारी छोटी प्रतिकृति १८७१ सालींच सुमारें ११ सेकंद उडविली होती. तळपद्यांनीं बांबू, कापड व तारा घेऊन एखादी प्रतिकृति केली असेल, ती वाळूवरून क्षणभर उचललीही असेल. तसें असेल तर त्यांची तुलना राइट बंधूंशीं नव्हे, तर पेनो, हारग्रेव्ह व लॅंग्ले यांच्याशीं करावयाची, आणि तीही कांहीं लहान गोष्ट नव्हे. पंधराशे फुटांच्या आग्रहापायीं त्यांनीं काय वाचलें, कोणतें सामान कोठून आणलें, किती वेळां फसले, हे प्रश्न विचारण्याचें राहून गेलें. पराक्रमाची हकीकत आयती मिळाल्यावर श्रमाची कोणास हवी?

उड्डाणाची साक्ष कागदावर कशी उरते याचा एक नमुना संग्राहकांच्या माहितीचा आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबादेच्या प्रदर्शनांतून हेन्री पेके यानें सुमारें ६५०० पत्रें विमानानें यमुनेपलीकडे नैनीस नेलीं. त्या पत्रांवर खास शिक्का होता; अशीं पाकिटें आज संग्रहांतून आहेत. एका पाकिटावरून दिवस, स्थळ व प्रसंग सिद्ध होतो.

तेव्हां शोध करावयाचा तो ठराविक जागीं करावा. ‘केसरी’चे ते ५३ अंक, ‘इंदुप्रकाश’, ‘सुबोधपत्रिका’, ‘नेटिव्ह ओपिनियन’, ‘मुंबई समाचार’, ‘रास्त गोफ्तार’ व ‘टाइम्स’ यांच्या त्या वर्षींच्या फाइली, देशी पत्रांवरील सरकारी साप्ताहिक अहवाल, गिरगांवच्या आर्यसमाजाचीं इतिवृत्तें, कलाशाळेचे वार्षिक अहवाल, बडोद्याचें हुजूर दफ्तर. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयांत जुनीं मासिकें पाहणारानें केवळ १८९५ न पाहतां १९०५ ते १९१७ हीं वर्षेंही पाहावींत, कारण शास्त्रीबुवांशीं आलेला संबंध तळपद्यांच्या उत्तर आयुष्यांतील दिसतो. पाठारे प्रभु घराण्यांतून जुन्या पेट्यांत पुष्कळ वेळां छायाचित्रांच्या काचा पडून असतात. त्या धुवून पुसून ठेवण्याच्या भरांत त्यांवरील शाईच्या चिठ्ठ्या काढून टाकूं नयेत. ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ या पुस्तकाची मुखपृष्ठासह पूर्ण प्रत, किंवा तळपद्यांच्या हस्ताक्षरांतील कोणताही कागद, मग तो किराणा मालाचा हिशेब कां असेना, ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं त्याची नक्कल करून तारखेसह प्रसिद्ध करावी.